पथ्य एकाचं, ताट दोघांचं

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांना सांगितलं, की त्यांच्या पत्नीचा चौथ्या टप्प्यातला स्तनांचा कर्करोग शिस्तीच्या आहारानं आटोक्यात आला. साखर, दूध, गहू बंद; लिंबूपाणी, कच्ची हळद, कडुनिंबाची पानं सुरू; रात्रीचं जेवण लवकर. दोन-तीन दिवसांतच परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांच्या वतीनं निवेदन निघालं. या पदार्थांनी कर्करोग बरा होतो असं म्हणायला भक्कम पुरावा नाही, काहींवर संशोधन चालू आहे, पण त्यांच्या भरवशावर उपचार लांबवू नका, असा त्याचा आशय होता. आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच ठरवला होता, असा खुलासा मग सिद्धूंनी केला. त्यांच्या पत्नीवर शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीही झालेली होतीच. वादाचा निकाल पुराव्याच्या बाजूनं लागला, आणि तो तसाच लागायला हवा होता. पण दोन्ही पक्षांच्या मनात प्रश्न एकच होता: अन्न गाठीचं काय करतं? घरात एक माणूस आजारी, दुसरा त्याच्यासाठी रांधणारा, आणि उपचार महिनोन्‌महिने चालणारे. तेवढ्या काळात त्या दोघांच्या जेवणाचं काय होतं, हा प्रश्न त्या गदारोळात कुणाला सुचला नाही.

हा आढावा त्या राहून गेलेल्या प्रश्नाचा आहे. कर्करोगातल्या आहाराचा विचार बहुतेक वेळा रुग्णाला एकटं धरून झाला आहे: त्याचं वजन, त्याचे उष्मांक, त्याचं पथ्य. जेवणाची उठाठेव मात्र दोन माणसांमध्ये घडते आणि बिघडते तीही दोघांमध्येच. गेल्या चाळीसेक वर्षांत जमलेला पुरावा नीट लावून पाहिला तर तो याच दिशेला बोट दाखवतो. त्यावर घेतले जाणारे आक्षेपही वजनदार आहेत, त्यामुळे तेही पुढे क्रमानं येतील.

वॉर्डातून ओट्यापर्यंत

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही. त्यांच्या न्यासानं उभारलेलं टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झालं. म्हणजे या संस्थेच्या मुळाशीच एका जोडप्यातलं आजारपण आहे. त्या काळी उपचार म्हणजे प्रामुख्यानं शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. माणूस वॉर्डात राहायचा आणि त्याचं खाणं हा रुग्णालयाचा विषय असायचा. पुढे केमोथेरपी आली, तीही हळूहळू दिवसापुरत्या खाटेवर आली, आणि उपचाराचा मोठा भाग घरी सरकला. आज ‘टाटाला चालू आहे’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात तो माणूस सकाळी सलाईन लावून घेतो आणि संध्याकाळी करी रोडला किंवा दादरला आपल्या घरी असतो. औषधाचा परिणाम घरीच उमटतो: मळमळ, तोंड येणं, अन्नावरची वासना उडणं. उपचार घरात आले ते ओट्यावरून आले, असं म्हणायला हरकत नाही. मात्र ओटा सांभाळणाऱ्याच्या हाती फार तर एक छापील तक्ता पडला.

आपल्याकडे आजाऱ्याच्या अन्नाचं शास्त्र काही नवं नाही. चरकसंहितेत शोधनानंतर मंदावलेल्या अग्नीसाठी पेया, विलेपी, यूष असा पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारा क्रम दिलेला आहे. घराघरातली भाताची पेज, मऊ भात-मेतकूट आणि मुगाचं कढण ही त्याच घराण्यातली. गिरगावातलं विनय हेल्थ होम आणि दादरचं तांबे आरोग्य भुवन यांच्या पाट्या वाचल्या तर खाणं आणि प्रकृती यांची सांगड शहरानं उपाहारगृहाच्या दारावरही लावलेली दिसते. पण पथ्य हा शब्द आपण नेहमी एकवचनी वापरत आलो. पथ्य आजाऱ्याचं, आणि त्याच्या शेजारी बसून जेवणारा त्यातून मोकळा. तापाच्या आठ दिवसांत हे चालून जातं. सहा-आठ महिने चालणाऱ्या उपचारात चालत नाही, कारण तेवढ्या काळात घराच्या जेवणाची घडीच बदलते.

वजनाची बाजू

पहिली भूमिका वैद्यकाची आहे आणि तिच्यामागचा पुरावा सर्वांत जुना आहे. केमोथेरपी सुरू होण्याआधीच ज्यांचं वजन उतरलेलं असतं त्यांचं आयुर्मान कमी भरतं, हे डिवाइस आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून दाखवलं. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी या झिजेची, म्हणजे कॅकेक्सियाची, व्याख्या पक्की केली: सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन घटणं, आणि माणूस मुळात किडकिडीत असेल तर दोन टक्क्यांहून जास्त. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस दिवसाला किलोमागे २५ ते ३० उष्मांक आणि किमान एक, जमल्यास दीड ग्रॅम प्रथिनं अशी आहे. साठ किलोच्या माणसाला दीड हजार ते अठराशे उष्मांक आणि साठ ते नव्वद ग्रॅम प्रथिनं. वरण-भात-भाजीच्या ताटात ही प्रथिनं सहज भरत नाहीत. अंडी, मासे, दूध, डाळी आणि उसळी यांचा हिशेबच मांडावा लागतो. हा हिशेब पोर्तुगालमध्ये २००५ साली तपासून पाहिला गेला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या १११ रुग्णांपैकी काहींना नेहमीच्याच अन्नाबद्दल व्यक्तिगत सल्ला दिला, काहींना पूरक प्रथिनपेयं दिली, काहींना त्यांच्या मनासारखं खाऊ दिलं. तीन महिन्यांनी सल्ल्याचा गट सर्वांत पुढे होता. डब्यातल्या पावडरीपेक्षा ओळखीच्या अन्नाचा नीट विचार जास्त टिकला.

या भूमिकेच्या मर्यादाही तिच्याच अभ्यासकांनी मांडल्या आहेत. २०१२ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. तोंडावाटे दिलेल्या पोषणानं खाणं आणि जगण्याची प्रत काहीशी सुधारते, पण मृत्युदरात फरक दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. झीज ही नुसती उपासमार नसते. शरीरात पेटलेला दाह स्नायू मोडत जातो आणि भूकही मारतो, त्यामुळे ताटात जास्त वाढून तो विझत नाही. शिवाय सगळे रुग्ण झिजतातच असं नाही. मुंबईतल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या स्तनांच्या कर्करोगात केमोच्या काळात बऱ्याच जणींचं वजन वाढतं. त्यांच्यासाठी ‘खा, खा, ताकद येईल’ हा सल्ला उलटा पडतो. उलट तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात खाण्याचा रस्ताच बंद होतो आणि नाकातून नळी घालावी लागते. औषधांची बाजूही अलीकडे हलली आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये १२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज अडीच मिलिग्रॅम ओलान्झापिन घेणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांचं वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण नऊ टक्के होतं. ओकारीसाठी याच औषधाची दहाऐवजी अडीच मिलिग्रॅमची मात्रा पुरते आणि गुंगीही कमी येते, हे टाटातल्या चाचणीनं २०२४ मध्ये दाखवलं. गुंगी कमी म्हणजे माणूस जेवायच्या वेळी जागा असतो. शोधनिबंधात ही बाब दुष्परिणामांच्या तक्त्यात जाते. घरात मात्र त्यावर संध्याकाळ ठरते.

आग्रहाची बाजू

दुसरी भूमिका परिचारिका आणि समाजशास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आली. कॅनडातल्या सुसान मॅक्लेमेंट यांनी २००३ च्या सुमारास शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या घरच्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना तीन प्रकारची वागणूक दिसली. काही जण घासाघासासाठी झुंजत होते, काहींनी जे होईल ते होऊ द्यायचं ठरवलं होतं, आणि उरलेले या दोहोंमध्ये हेलकावत होते. झुंजणाऱ्यांच्या घरी जेवणाची वेळ हीच भांडणाची वेळ होई. स्वित्झर्लंडमध्ये २००७ मध्ये पुरुष रुग्ण आणि त्यांच्या जोडीदार स्त्रिया यांना बोलतं केलं गेलं, तेव्हा बायकांचे रोजचे नवे नवे पदार्थ, पुरुषांचं दोन घासांवर ताट सारणं आणि दोन्हीकडचा अपराधीपणा असं चित्र उभं राहिलं. हरत चाललेली लढाई, असं संशोधकांनी त्याला शीर्षकातच म्हटलं. ब्रिटनमध्ये जेन हॉपकिन्सन यांनी खाण्यावरून होणारा मनस्ताप हा स्वतंत्र त्रास आहे, तो वजनाच्या आकड्यात मावत नाही, असं मांडलं आणि त्यावर कुटुंबासह बोलण्याची पद्धत विकसित केली.

या अभ्यासांतल्या घरांमध्ये जी ओढाताण होती तिला मराठीत आयता शब्द आहे, आग्रह. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा दागिना. पंगतीत जिलबीचा आग्रह, लग्नात नवरा-नवरीनं एकमेकांना भरवलेला घास, सणाला ‘एवढं तरी घ्याच’. आग्रहाला नकार देण्याचीही ठरलेली रीत असते: दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. आजाऱ्याचं ‘नको’ मात्र पहिल्याच वेळी खरं असतं. वाढणाऱ्याला ते रीतीतलं वाटतं आणि नाकारणाऱ्याला आपलं कुणी ऐकत नाही असं वाटतं. मुंबईत जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी १९८१ च्या निबंधात दक्षिण आशियाई हिंदू घरांतल्या अन्नाच्या राजकारणाचं विश्लेषण केलं होतं. कुणाला आधी वाढलं, किती वाढलं, काय परत गेलं, यातून मान आणि रुसवा व्यक्त होतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. आजारपणात हेच राजकारण नको इतकं प्रामाणिक होतं. परत गेलेली वाटी ही स्वयंपाकावरची नापसंती नसते, हे दोघांनाही कळत असतं, तरी ती तशीच लागते.

त्यात चवीचं शरीरशास्त्र भर घालतं. जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होतात, आणि झपाट्यानं वाढणाऱ्या पेशींवर केमोचा घाला पडतो. म्हणून वरणाला लोखंडाची चव येते आणि गोड बेचव लागतं. डोक्या-मानेच्या किरणोपचारात लाळ आटते, मग पोळी घशाखाली उतरत नाही. याहून विलक्षण गोष्ट इलीन बर्नस्टाइन यांनी १९७८ मध्ये दाखवली. केमोच्या आधी मुलांना एका खास चवीचं आइस्क्रीम दिलं, तर पुढे ती मुलं नेमकं तेच आइस्क्रीम टाळू लागली. मळमळ औषधाची होती, आळ आइस्क्रीमवर गेला. १९८७ च्या पुढच्या प्रयोगात जेवण आणि केमो यांच्या मध्ये वेगळ्याच चवीची गोळी दिली, तेव्हा आळ बराचसा त्या गोळीवर गेला आणि जेवणातले पदार्थ वाचले. आपल्या स्वयंपाकघराच्या दृष्टीनं याचा अर्थ मोठा आहे. केमोच्या दिवशी ‘आज तरी त्याच्या आवडीचं’ म्हणून भरलं पापलेट किंवा कोंबडी-वडे करणारी बायको, प्रेमानंच, तो पदार्थ कायमचा गमावण्याची जोखीम घेत असते. आवडीचे पदार्थ उपचारापासून चार दिवस लांब ठेवावेत आणि सलाईनच्या दिवशी अनोळखी, बिनमहत्त्वाचं काहीतरी पुढे करावं, हा सल्ला घरच्या शहाणपणाच्या नेमका उलट आहे. आहाराच्या तक्त्यात तो सहसा नसतो, कारण तक्ता पदार्थांची यादी करतो. कुठला पदार्थ कुणी कुणासाठी का केला, हे त्यात बसत नाही.

घराचा आकारही इथे बोलतो. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. ओटा, पलंग आणि जेवायची जागा एकच. फोडणीचा वास आला तर उठून जायला दुसरी खोली नाही, आणि गॅलरीत गेलं तर शेजारच्या घरचा सुक्या बोंबलांचा वास. उन्हाळ्यात लालबागच्या मसाला बाजारात मिरच्या भाजल्या-कुटल्या जातात तेव्हा त्या खकाण्यापासून आसपासच्या इमारतींना सुटका नसते. थंड किंवा कोमट अन्नाचा वास कमी सुटतो, म्हणून दहीभात, थंड सत्त्व, गार केलेली खीर सोसते, ही सूचना अशा खोलीत फार उपयोगी पडते. पण अशा घरात बिनवासाचा स्वयंपाक म्हणजे सगळ्यांचाच बिनफोडणीचा स्वयंपाक. एकाच्या मळमळीपोटी घर अळणी होतं. उलट त्याच चाळीत शेजारून येणारी वाटी, आज कढी, उद्या शिरा, ही रांधणारीची एक वेळ वाचवते. पुनर्विकासातल्या पाचशे चौरस फुटांच्या घरात वास दाराआड ठेवता येतो. शेजारची वाटी तिथवर किती पोचते, हे त्या मजल्यावरच्या माणसांवर अवलंबून.

या बाजूवरचा आक्षेप उघड आहे. आग्रह सोडा म्हणणं सोपं आहे, पण वजन खरोखर जीव ठरवत असेल तर आग्रह सोडणं म्हणजे रुग्णाला सोडणं नाही का? याचं उत्तर टप्प्यावर अवलंबून आहे. रोग बरा करण्याच्या हेतूनं उपचार चालू असतील आणि अडचण मळमळीची, तोंड येण्याची, नळीची असेल, तर प्रत्येक उष्मांकाला किंमत आहे. तिथे आग्रहाऐवजी युक्ती लागते, आणि ती शिकवता येते. रोग पुढे गेला असेल आणि झीज दाहामुळे असेल, तर आग्रहानं वजन येत नाही, फक्त जेवणाची वेळ जाते. अवघड इतकंच, की या दोन टप्प्यांमधली रेघ घरच्यांना दिसत नाही आणि ती त्यांना कुणी स्पष्ट सांगतंच असंही नाही. मॅक्लेमेंट यांच्या अभ्यासातले हेलकावणारे बहुधा याच धुक्यात होते.

पथ्याची आणि वेगळ्या ताटाची बाजू

तिसरी भूमिका काय टाळावं याची. तिच्यात खूप वेगवेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधलेल्या असतात. साखरेनं गाठ वाढते हा समज ऑटो वारबुर्ग यांच्या १९२० च्या दशकातल्या निरीक्षणाची लांबची सावली आहे. गाठीच्या पेशी साखर जास्त खातात हे खरं, पण साखर सोडल्यानं गाठ उपाशी राहते हे त्यातून निघत नाही. रक्तातली साखर शरीर स्वतः राखतंच, आणि उपाशी राहतात ते स्नायू. झीज सुरू असलेल्यानं उष्मांक तोडणारे आहार घेऊ नयेत, अशी युरोपीय शिफारस आहे. असं असूनही पथ्य घराला का हवंसं वाटतं, हे समजून घ्यायला हवं. केमो कुणीतरी देतं, तपासणी कुणीतरी वाचतं. घरच्या माणसाच्या हातात फक्त ताट असतं. पथ्य त्याला काहीतरी करायला देतं. सिद्धूंच्या दाव्यातला हा भाग खोटा नव्हता.

दुसरी गोष्ट काउंटची. पांढऱ्या पेशी उतरल्या की कच्चं काही नको, फळं नकोत, कोशिंबीर नको, असं सांगण्याची पद्धत अनेक दशकांची आहे. तिची कसोटी २००८ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या तीव्र कर्करोगाच्या १५३ रुग्णांवर लागली. फक्त शिजवलेलं खाणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना आणि कच्ची फळं-भाज्या खाणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना मोठा जंतुसंसर्ग झाला. हा फरक सांख्यिकीच्या दृष्टीनं महत्त्वाचा ठरला नाही. २०२३ मध्ये इटलीत मूलपेशी प्रत्यारोपणाच्या रुग्णांवरही मोकळ्या आहारानं संसर्ग वाढला नाही. मग बंधन उठवावं का? इथे मुंबईचे डॉक्टर सावध असतात, आणि त्यांची सावधगिरी अडाणीपणाची नाही. त्या चाचण्या स्वच्छ स्वयंपाकघरातल्या धुतलेल्या फळांवर झाल्या आहेत. पावसाळ्यातलं पिंपात साठवलेलं पाणी, गाडीवरचं कापलेलं कलिंगड, सरबतातला बर्फ यांच्यावर झालेल्या नाहीत. दोन्ही पक्ष जिथे एकत्र येतात ते मुद्दे साधे आहेत: उकळलेलं पाणी, सालं काढून घरी कापलेलं फळ, ताजं शिजवलेलं अन्न, कालचं नको. आणि हे नियम सगळं घर पाळू शकतं, त्यानं कुणाचं ताट वेगळं पडत नाही.

वेगळं ताट ही तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट. कर्करोग संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्यानं, एका भांड्यातलं प्यायल्यानं तो लागत नाही. तरी काही घरांत आजाऱ्याचा पेला, थाळी बाजूला होते. कधी भीतीनं, कधी उष्ट्याच्या जुन्या संकोचानं, आणि कधी आजारी माणूसच आपलं वेगळं करून घेतो म्हणून. गंमत अशी, की वेगळं ताट शास्त्रानंच सांगितलेली एक जागा परळमध्येच आहे. टाटाच्या अनेक्समध्ये अणुऊर्जा विभागाचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉइडच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या किरणोत्सारी आयोडीननंतर काही दिवस जोडीदारापासून, मुलांपासून अंतर आणि भांडी वेगळी, असा नियम असतो. बाहेरून यंत्रानं दिलेल्या किरणांनंतर, ज्याला बरेच जण ‘शेक’ म्हणतात, त्याची काही गरज नसते, कारण शरीरात काहीच किरणोत्सारी उरत नाही. हा फरक सांगितला गेला नाही तर एका इलाजाचे चार दिवस दुसऱ्या इलाजाचे सहा महिने होतात.

ताट वाढतं कोण

इथवरचा सगळा युक्तिवाद एका गृहीतकावर उभा आहे: दोघं एकत्र जेवतात. चौथी भूमिका, मुख्यतः स्त्रीअभ्यासातली, त्यालाच हात घालते. बिहार, झारखंड आणि महाराष्ट्रातल्या पाहणीवर आधारलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांनंतर जेवणाऱ्या बायकांचं मानसिक आरोग्य अधिक खालावलेलं आढळलं. गिरणगावात तर जोडप्याचं सहभोजन ही अलीकडची चीज आहे. कामगार इथे, बायको गावी, आणि जेवण खानावळीत. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांनाच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. तेव्हा, जे ताट दोघांचं कधी नव्हतंच ते आजारानं मोडलं असं कसं म्हणायचं?

आक्षेप बरोबर आहे, आणि त्यानं मूळ दावा अडचणीत येण्याऐवजी नेमका होतो. एकत्र बसणं हे ताट दोघांचं असण्याचं एक रूप. वाढणारी आणि खाणारा हे दुसरं. दुसऱ्या रूपात आजार आणखी खोल रुततो, विशेषतः आजारी बायको असेल तेव्हा. देशाच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, करणारे पुरुष ८८ मिनिटं. केमोच्या तिसऱ्या दिवशी मळमळत असताना ओट्यापाशी उभी राहणारी स्त्री ही या आकड्याची दुसरी बाजू. तिच्या ताटाचा सल्ला तिच्याच हातात दिला जातो आणि तो अमलातही तिनंच आणायचा असतो. पुरुषाला रांधायला शिकवणं हा तिच्या उपचाराचा भाग मानावा, असं कुणी म्हटलं तर ते अतिशयोक्त वाटेल. पण पोर्तुगीज चाचणीतला सल्ला जर अन्नातून काम करत असेल, तर तो ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसालाच द्यायला हवा, हा साधा तर्क आहे.

सांभाळणाऱ्याच्या पोटाचा प्रश्नही इथेच येतो. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आजारी जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण सोसणाऱ्या वृद्धांचा मृत्युदर चार वर्षांत इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त भरला. तो केवळ कर्करोगाचा अभ्यास नव्हता, आणि ताणाचा किती भाग चुकलेल्या जेवणांतून येतो हे त्यातून निघत नाही. तरी उरलेलं संपवून उभ्या उभ्या जेवणं हे शुश्रूषेचं आपल्याकडचं सर्वपरिचित रूप आहे, आणि ते कुठल्याही केसपेपरवर नोंदवलं जात नाही.

जे घरापासून लांब आहेत

परळला येणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येचं घर मुंबईत नसतंच. त्यांच्यासाठी जेवण म्हणजे आधी जागा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते. भुकेल्याला अन्न हे ज्यांनी आपल्या शिकवणीत सर्वांत आधी ठेवलं त्या माणसाच्या नावाला ते साजेसं आहे. टाटाच्या आसपास हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत संस्थेनं वर्षानुवर्षं रुग्णांना आणि सोबत्यांना जेवण दिलं. या सेवेवर टीका करणं सोपं नाही आणि योग्यही नाही, पण तिची एक मर्यादा नोंदवावी लागते. वाढलेलं जेवण पोट भरतं; ते कोमट हवं, मऊ हवं, अळणी हवं, हे रोज बदलणारं मागणं त्याला पुरवता येत नाही. त्यासाठी शेगडी लागते. सेंट ज्यूड संस्थेनं २००६ पासून मुलांच्या बाबतीत हे ओळखलं: कुटुंबाला राहायला जागा, सामायिक स्वयंपाकघरात आपला ओटा आणि शिधा. कडल्स फाउंडेशनही बालरुग्णांच्या पोषणाचंच काम करते. मुलाच्या ताटाभोवती अशा रचना उभ्या राहिल्या. साताऱ्याहून किंवा पाटण्याहून आलेल्या नवरा-बायकोच्या ताटाभोवती त्या मानानं तुरळकच. बहुधा प्रौढ माणूस आपलं आपण बघेल असं धरलं जातं.

२०२१ मध्ये हा प्रश्न थेट शहराच्या राजकारणात आला. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी परळ-करी रोड परिसरातल्या म्हाडाच्या शंभर सदनिका देण्याचा निर्णय झाला, किल्ल्याही सुपूर्द झाल्या. मग त्या इमारतींतल्या रहिवाशांचा विरोध पुढे आला आणि मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. लगोलग पर्याय म्हणून बॉम्बे डाईंगच्या जागेतल्या शंभर सदनिका जाहीर झाल्या. रहिवाशांना खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. लहान घरांची सोसायटी, एकच लिफ्ट, सतत बदलणारी माणसं, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. तरी त्या चर्चेत सदनिका म्हणजे झोपायची जागा एवढंच धरलं गेलं. सदनिकेत स्वयंपाकघर असतं, आणि धर्मशाळेच्या खाटेपेक्षा तिचं वेगळेपण तिथेच आहे, हा मुद्दा मागे राहिला.

न सुटलेलं

तुलनेला क्षयरोग घेता येतो. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून क्षयरुग्णाला महिन्याला पाचशे रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून हजार. झारखंडमधल्या रेशन्स चाचणीनं २०२३ मध्ये दाखवलं, की रुग्णाच्या घरातल्या इतरांनाही शिधा दिला तर त्यांच्यातला क्षय ३९ टक्क्यांनी कमी होतो. कर्करोग पसरत नाही, त्यामुळे घरच्यांना खाऊ घालण्याचं हे कारण इथे लागू पडत नाही, आणि कर्करुग्णासाठी अशी देशव्यापी योजनाही नाही. पण मोजण्याचं एकक रुग्णाऐवजी घर धरता येतं, हे त्या चाचणीनं सिद्ध केलं. कर्करोगात तसं धरून पाहायचं झालं तर काय मोजायचं, इथून सुरुवात करावी लागेल. जोडीदाराचं वजन? एकत्र घेतलेली जेवणं? ताटावरून झालेली भांडणं? हॉपकिन्सन यांच्या पद्धतीसारखं संभाषण परळच्या बाह्यरुग्ण विभागात, जिथे डॉक्टरच्या वाट्याला एका रुग्णासाठी मोजकी मिनिटं येतात, कुणी करायचं? नळीतून अन्न घेणाऱ्या माणसानं इतरांच्या जेवणाच्या वेळी पानाशी बसावं की बसू नये, याबद्दल घरांची मतं टोकाची वेगळी आहेत. काहींना तो सहवास वाटतो, काहींना छळ. दोन्हीच्या बाजूनं बोलण्यासारखं आहे, आणि उत्तर बहुधा प्रत्येक घरात, प्रत्येक आठवड्याला वेगळं येईल.

आग्रहाची जागा युक्तीनं कशी घ्यायची हे शिकवता येतं, असं वर म्हटलं. ते मराठीत, इथल्या पदार्थांवर, इथल्या ओट्यावर कसं शिकवायचं याचा आराखडा परदेशी निबंधांतून उचलून आणता येणार नाही. केमोच्या दिवशी पापलेट करू नका, आमसुलाचं सार तोंड आलेलं असताना नको पण तोंड बरं झाल्यावर लोखंडी चवीवर चालून जाईल, स्टीलचा चमचा नकोसा वाटला तर लाकडी किंवा प्लॅस्टिकचा घ्या, फोडणी शेजारणीकडून घालून आणा: असल्या बारीकसारीक गोष्टी आज एका घराकडून दुसऱ्या घराकडे, सलाईनच्या रांगेत बसल्या बसल्या, तोंडी सांगितल्या जातात.